कपडे वाळवतो तो वारा

मार्चमधल्या दुपारी पुण्यात गच्चीवर टाकलेला पंचा चार वाजताच्या चहाआधी खडखडीत वाळतो. तोच पंचा जुलैत दादरच्या गॅलरीत सकाळी सातला टाकला, तरी रात्री जेवायला बसताना हाताला गार लागतो. मग ‘ओला आहे की नुसता गार आहे’ यावर घरात मतदान होतं. यात कपड्याचा दोष नाही, आणि सगळा दोष पावसाळी उन्हाचाही नाही. हिशेब हवेचा आहे, आणि तो एकदा समजून घेतला की कपडे बाहेर घालावेत की घरात, या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळतं.

हवेत वाफ मावायला मर्यादा असते आणि ती मर्यादा तापमानाबरोबर वाढते. पस्तीस अंशांच्या हवेत दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम वाफ मावते. पुण्यात मार्चच्या दुपारी आर्द्रता पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणजे त्यातली जवळजवळ ३० ग्रॅमची जागा रिकामी असते. जुलैतल्या मुंबईत तापमान २८ अंश धरा आणि आर्द्रता ८५ टक्के. तिथे मावतात २७ ग्रॅम, त्यातले २३ आधीच भरलेले. उरली जागा चार ग्रॅमची. कपडे तेच, साबण तोच, हात तेच. पण हवेची तहान सात पटींनी कमी.

आता हाच हिशेब घरात आणू. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. एवढ्या खोलीत हवा असते साधारण ३४ घनमीटर. पावसाळ्यात ती हवा आणखी १४० ग्रॅम पाणी सोसू शकते, त्यापुढे नाही. मशीनमध्ये चांगला पिळून काढलेला एक मोठा टॉवेलसुद्धा पाव लिटरहून जास्त पाणी बाळगून असतो. म्हणजे खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत एक टॉवेलही धड वाळू शकत नाही, आणि आपण तर स्टँडवर पाच किलो कपडे टाकतो. त्यांत पिळल्यानंतरही तीनेक लिटर पाणी उरलेलं असतं. ते जातं कुठे? गादीत, पुस्तकांत, लाकडी कपाटाच्या मागे आणि उत्तरेच्या भिंतीत. ऑगस्ट संपता संपता त्या भिंतीवर काळे ठिपके उमटतात आणि आपण रंगाऱ्याला बोल लावतो. ज्या घरात दम्याचा किंवा सर्दीचा माणूस आहे, तिथे ही बुरशी फक्त रंगाचा प्रश्न राहत नाही. खिडकी बंद ठेवून पंखा गरगरा फिरवला तर ओल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाते, एवढंच. पंखा हवाच, पण खिडकी उघडी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून. पाण्याला घराबाहेर पडायला वाट पाहिजे.

बाहेर वाळत घालण्याचा पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा हाच. तिथे खोलीभर हवा नसते, गावभर असते.

ओल्या कपड्याला चिकटून दमट हवेचा पातळ थर बसलेला असतो. तो हलला की कोरडी हवा जवळ येते आणि वाळणं पुढे सरकतं. म्हणून ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी कपडे बघता बघता वाळतात, आणि ऊन रणरणत असलं तरी हवा पडलेली असेल तर चादरीची घडी आतून ओलीच राहते. ऊन उष्णता देतं, ती मदत मोठी आहे, पण वाफ उचलून न्यायचं काम वाऱ्याचं. आपल्याकडे ‘ऊन कुठे येतं’ ते बघून दोरी बांधतात. ‘वारा कुठून जातो’ ते बघून बांधली तर निम्म्या तक्रारी मिटतील.

जुन्या बायकांना हे कोणी शिकवायला लागत नव्हतं. नऊवारी लुगडं एका दोरीवर दुमडून न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून टाकत, म्हणजे दोन पदरांच्या मधून वारा खेळतो. वाड्यांतून सोवळं छताजवळच्या उंच दांडीवर काठीनं घालत. कारण शिवाशिवीचं होतं, पण उंचावरच्या हवेचा लाभ आपोआप मिळे. घाटावरच्या धोब्यांची तऱ्हा तर पाहण्यासारखी. मुंबईत महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून खाली धोबीघाट दिसतो. तिथल्या दोऱ्यांकडे नीट पाहा. दोन पदरी दोरीला पीळ घातलेला असतो, त्या पिळाच्या सापटीत कपड्याचं टोक खोचलं की पीळच ते धरून ठेवतो. चिमट्यांचा खर्च नाही, चिमट्याचा वळ नाही, आणि कपडा दोरीवर दुमडला जात नसल्यामुळे अख्खा वाऱ्याला मोकळा. घरी एवढं नको, पण जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेला दोन चिमटे लावून टांगली तर ती दुमडून टाकलेल्या जीन्सच्या बरीच आधी वाळते. दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. एका दोरीवर सगळं घर दाटीवाटीनं उभं केलं, तर मधल्या शर्टापर्यंत वारा पोचतच नाही.

दोरीवर वाळलेला टॉवेल पापडासारखा कडक का होतो, याचं उत्तर मिळायला मात्र २०२० साल उजाडावं लागलं. जपानमध्ये काओ ही साबण-डिटर्जंटची कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की आपल्याला कोरडा वाटणारा सुती कपडाही पूर्ण कोरडा नसतो. धाग्यांच्या पृष्ठभागाला थोडं पाणी घट्ट बांधलेलं राहतं आणि तेच शेजारशेजारच्या तंतूंना गोंदासारखं जोडून ठेवतं. उपाय आपल्या घरांत आधीपासून आहे: घालताना झटकायचं आणि काढतानाही झटकायचं. झटकताना तो कडकपणा मोडतो. ज्या दिवशी वारा असतो त्या दिवशीचा टॉवेल मऊ असतो, तोही त्यामुळेच.

आता ऊन. उन्हाची करामत बघायची असेल तर हळदीचा डाग घ्या. लग्नघरातला पांढरा झब्बा हळदीनं माखतो, साबण लागला की डाग पिवळ्याचा लाल होतो आणि घरातल्या कोणाचा तरी धीर सुटतो. साबण अल्कधर्मी असतो, त्यात हळदीतलं कर्क्युमिन रंग बदलतं; घाबरण्यासारखं त्यात काही नाही. कर्क्युमिनला उजेड सोसत नाही. तो झब्बा ओला करून कडक उन्हात टाकला की डाग फिका पडत जातो, आणि दोन-तीन उन्हांत बहुतेक उडून जातो. यासाठी कुठलंही महागडं द्रव्य लागत नाही.

पण जे ऊन हळदीचा रंग मोडतं ते कपड्याच्या रंगाची गय कशी करेल? सुती कपड्यांचे रंग उन्हात विटतात, आणि ओलं असताना अधिक लवकर विटतात. त्यामुळे काळा, निळा, मरून कुडता उलटा करूनच घालावा, शक्य तर सावलीत. शाळेच्या गणवेशाचे खांदे पाठीपेक्षा फिके दिसतात ते याच कारणानं. रेशीम आणि लोकर उन्हात पिवळी पडते, नायलॉनचा जोर जातो, इलॅस्टिक सैल होतं. पैठणी उन्हात टाकणाऱ्याला तर घरातली मोठी माणसंच बोलतील. पांढऱ्या कपड्यांचंही सरसकट नाही. आजच्या डिटर्जंटमध्ये निळसर चमक देणारी द्रव्यं असतात, तीही उन्हानं मोडतात. म्हणून बाजारातून ‘शुभ्र’ आणलेला शर्ट वर्षभर उन्हात वाळून कधी कधी पिवळट दिसू लागतो. एकंदरीत उन्हाचं औषध सुती चादरी, पंचे, टॉवेल, लंगोट आणि आतले कपडे यांना. बाकीच्यांना सावलीतला वारा पुरे.

उन्हात वाळलेल्या कपड्याला एक ताजा वास येतो, आणि तो भास नाही. कोपनहेगन विद्यापीठात संशोधकांनी साधे टॉवेल पाण्यात धुऊन काही अंधाऱ्या खोलीत, काही बाल्कनीत आडोशाला आणि काही थेट उन्हात वाळवले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फक्त उन्हातल्या टॉवेलांवर अल्डिहाइड आणि कीटोन गटांतली बरीच संयुगं सापडली. अत्तरांत आणि वेलची-लिंबासारख्या पदार्थांत जी असतात, त्यांच्याच जातीची. ओल्या कापडावर ऊन आणि हवेतला ओझोन यांची प्रक्रिया होऊन ती तयार होतात, असा त्यांचा अंदाज.

पावसाळ्यातल्या कुबट वासाचीही अशीच चौकशी झाली आहे. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी मोराक्झेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूवर बोट ठेवलं. कापडात उरलेला घाम आणि तेलकटपणा यांवर तो जगतो आणि वास सोडतो. यातली गंमत अशी, की हा जिवाणू कोरडेपणाला आणि अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणजे ‘एकदा उन्हात टाकलं की सगळे जंतू मेले’ हा आपला ठाम समज इथे उताणा पडतो. ऊन जंतू कमी करतं हे खरं, पण वास भरलेला टॉवेल नुसता उन्हात टाकून भागत नाही, तो कढत पाण्यातून काढावा लागतो. आणि मुळात वास येऊ नये असं वाटत असेल तर कपडा लवकर वाळला पाहिजे. मशीन थांबल्यावर तासन्‌तास ड्रममध्ये पडलेले कपडे, पिळून रात्रभर बादलीत ठेवलेले कपडे, हे त्या वासाचं माहेर.

कोकणातल्या घरांनी यावर तोड काढलेली होती. पडवीत आडव्या काठ्या, चुलीच्या वर वलणी, आणि बाळाच्या दुपट्यांसाठी निखाऱ्यावर उपडं घातलेलं डालगं. कपड्यांना धुराचा वास यायचा, पण कुबट कधी नाही.

बाहेरच्या हवेचे तोटे मोजायला बसलं तर ते गावागणिक बदलतात. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांना पांढऱ्या चादरीवर राख म्हणजे काय ते सांगायला नको. मुंबई-पुण्यात शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की दोन-तीन वर्षं दोरी सिमेंटच्या धुळीत. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये रस्त्यावर भांडण झालं, ते आरोग्यावरून आणि भूतदयेवरून. पण ज्यांच्या गॅलरीत कबुतरं वस्तीला आहेत त्यांना विचारा, रोजचं भांडण दोरीवरच्या कपड्यांचं असतं. समुद्राजवळ खारी हवा कपड्याला चिकटते, मीठ ओल धरून ठेवतं, आणि चिमट्यातली स्प्रिंग गंजून शर्टाच्या खांद्यावर तांबूस ठसा उमटवते. तिथे प्लॅस्टिकचे किंवा अस्सल स्टीलचे चिमटे वापरलेले बरे. गाजरगवत, ज्याची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातली, ते कुंपणाशी माजलं असेल तर कुंपणावर कपडे पसरू नयेत. त्याचे परागकण आणि चुरा कपड्यातून अंगाला लागून कित्येकांची त्वचा उठते. झुडपावर पसरलेल्या कपड्यात सुरवंट शिरतो, त्याच्या केसांची खाज ज्याला एकदा लागली तो पुन्हा न झटकता सदरा घालत नाही. यांतले काही त्रास कमी करायला एक साधा उपाय आहे: कपडे दिवस मावळायच्या आत काढायचे. तिन्हीसांजेला हवा दमट होते, वाळलेलं पुन्हा गार होतं आणि किडेही दिव्याबरोबर येतात.

हे सगळं ज्याच्याकडे ‘बाहेर’ आहे त्याच्यासाठी झालं. शहरात खरा तुटवडा बाहेरचाच आहे. पुण्याच्या बिल्डरांनी ‘ड्राय बाल्कनी’ नावाची एक जागा आणली: स्वयंपाकघराला लागून, मशीन ठेवलं की माणूस आडवा होऊन आत शिरेल एवढी, आणि बहुधा डक्टच्या तोंडाशी. तिथे ऊन येत नाही आणि वाराही फिरत नाही. शेजारच्यांच्या फोडणीचा वास तेवढा येतो. मोठी बाल्कनी समोर असते, पण तिथे दोरी बांधली की सोसायटीची नोटीस लागते, इमारतीची ‘शोभा’ जाते म्हणून. वरच्या मजल्यावरून खालच्यांच्या वाळलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकू नये, हा नियम मला पटतो. तो शेजारधर्म आहे. पण कपडे दिसूच नयेत हा नियम मला समजत नाही. चाळीच्या कठड्यावरची रंगीत रांग फोटोत छान दिसते आणि चाळ पाडून त्याच जागी टॉवर उभा राहिला की तीच रांग गावंढळ ठरते, हे कसं? अमेरिकेत गृहसंघांनी अशाच बंद्या घातल्या, तेव्हा तिथे ‘राइट टू ड्राय’ची चळवळ उभी राहिली. फ्लोरिडानं दोरीवर बंदी घालायला कायद्यानं मनाई केली, व्हरमाँटनं २००९ मध्ये तसाच कायदा केला.  आपल्या सोसायट्यांनी कठड्याच्या आतल्या बाजूला, कठड्याच्या उंचीपर्यंत दोरी चालेल एवढं मान्य केलं तरी पुष्कळ झालं. आणि गच्चीला लावलेली कुलपं काढली तर त्याहून बरं.

‘दिसण्या’चा प्रश्न निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. बहुतेक घरांत बायकांचे आतले कपडे परकराखाली, टॉवेलखाली झाकून वाळत घालतात. ज्या कपड्याला सगळ्यात जास्त ऊन-वारा हवा, त्याच्याच वाट्याला सगळ्यात कमी येतो. मासिक पाळीत कापड वापरणाऱ्या मुलींचं तर आणखी कठीण. ते कापड मोरीच्या मागे, माळ्यावर, गादीखाली, जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा अंधाऱ्या जागी वाळतं, म्हणजे पुरतं वाळतच नाही, आणि पुढच्या महिन्यात तेच दमट कापड वापरात येतं. खाज, पुरळ, संसर्ग यांची वाट इथून सुरू होते. गावोगावच्या आशाताई मुलींना कानीकपाळी ओरडून सांगतात की कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. पण उन्हाचं अंगण घरातल्या पुरुषांच्या बैठकीसमोर असेल तर मुलीनं काय करावं? ही शिकवणी मुलींना देऊन संपत नाही, घरातल्या बाप्यांनाही द्यावी लागते. घराच्या मागच्या अंगाला, ऊन येईल अशा ठिकाणी एक वेगळी दोरी बांधून द्यायला फार खर्च येत नाही.

ड्रायरबद्दल थोडक्यात. अर्धस्वयंचलित मशीनच्या ज्या टबाला आपण ड्रायर म्हणतो तो नुसता पिळतो. खरा ड्रायर गरम हवेनं वाळवतो, आणि एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागतेच लागते. तीन लिटरला दोन युनिट, वर यंत्रातली गळती वेगळी. हीट पंपाचे ड्रायर उष्णता पुन्हा वापरतात, त्यामुळे कमी खातात, पण किंमत भारी. ड्रायरच्या जाळीत कापसासारखा जो पुंजका सापडतो तो आपल्याच कपड्यांचा झिजलेला धागा असतो. तान्हं बाळ, अंथरुणाला खिळलेला आजारी माणूस आणि मुंबईचा जुलै हे तिन्ही एका घरात असतील तर ड्रायरला चैन म्हणू नये. बाकीच्यांनी पावसाळ्यात कपडे दुसऱ्यांदा पिळून घ्यावेत. पाणी पिळून काढायला जी वीज लागते ती त्याची वाफ करण्याच्या मानानं किरकोळ.

आणि शेवटी तो तोटा, ज्यापुढे राख, कबुतरं आणि विटलेले रंग काहीच नाहीत. दर पावसाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते: कपडे वाळत घालताना विजेचा धक्का लागून मृत्यू. पुष्कळदा मरणारी बाई असते, आणि तिला सोडवायला धावलेलं घरातलं आणखी एक माणूस. गोष्ट अशी घडते. पत्र्याच्या घराच्या अँगलला आणि समोरच्या खांबाला लोखंडी तार ताणून बांधलेली असते, कारण दोरी कुजते आणि तार टिकते. घरात वीज आणणारी वायर त्याच पत्र्याला घासत गेलेली असते. एखाद्या पावसात तिचं आवरण फाटतं, पत्र्यात वीज उतरते, पत्र्यातून तारेत. तारेवर ओला कपडा टाकणारे हात ओले, पाय अनवाणी, जमीन चिखलाची.

विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणतारेला कपड्यांची दोरी बांधू नका, असं महावितरण दर पावसाळ्याआधी सांगत असतं. त्यात एवढीच भर घालतो: तुमच्या किंवा तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंच्या अंगणात लोखंडी तार असेल, तर ती आजच काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याला टेकलेली वायर वायरमनकडून बाजूला घ्या आणि मीटरजवळ गळतीला वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. कोणी तारेला चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं माणसाला बाजूला करा. विजेच्या तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे. तो घरात सगळ्यांना पाठ असू द्या.